एम्प्लॉयर ब्रँडिंग आणि मनुष्यबळ व्यवस्थापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम्प्लॉयर ब्रँडिंग म्हणजे नेमके काय?

एखादी संस्था काम करण्यासाठी कशी आहे, याविषयी तिथे काम करणाऱ्यांच्या, काम सोडून गेलेल्यांच्या आणि पुढे तिथे येऊ शकणाऱ्यांच्या मनात एक मत तयार झालेले असते. हे मत म्हणजे त्या संस्थेचा एम्प्लॉयर ब्रँड. ते समजून घेणे, ज्या रोजच्या व्यवहारांतून ते घडते ते व्यवहार सुधारणे आणि संस्थेचे खरे स्वरूप बाहेरच्यांपर्यंत नीट पोहोचवणे, या सगळ्या कामाला एम्प्लॉयर ब्रँडिंग म्हटले जाते. टिम अँब्लर आणि सायमन बॅरो यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ही कल्पना व्यवस्थित मांडली. नोकरीतून मिळणाऱ्या लाभांचे त्यांनी तीन भाग केले होते : कामातून मिळणारा अनुभव व विकास, आर्थिक मोबदला, आणि आपलेपणा किंवा कामाला दिशा असल्याची भावना यांसारखे मानसिक लाभ. आजही बहुतेक संस्था याच तीन खणांमध्ये विचार करतात, फक्त खणांची नावे बदललेली असतात.

संस्थेने काही केले नाही तरी हे मत तयार होतच असते, ही गोष्ट मात्र पुष्कळदा विसरली जाते. ‘आम्ही अजून एम्प्लॉयर ब्रँडिंग सुरू केलेले नाही’ असे सांगणाऱ्या संस्थेलाही ब्रँड असतोच. तो कसा आहे हे तिला ठाऊक नसते, इतकेच.

हे काम विपणन विभागाचे की मनुष्यबळ विभागाचे?

मजकूर, छायाचित्रे, समाजमाध्यमांवरील पाने ही विपणनाची कामे आहेत आणि ती त्या विभागाने करावीत. पण मत ज्या गोष्टींनी बनते, त्यांतल्या बहुतेक विपणनाच्या हाती नसतात : पगार ठरलेल्या दिवशी होतो का, रजेचा अर्ज किती दिवस पडून राहतो, बढती कोणाला आणि कशाच्या आधारावर मिळते, तक्रार केल्यावर तक्रार करणाऱ्याचे काय होते. त्यामुळे जबाबदारी मनुष्यबळ विभागाकडे आणि अंतिम उत्तरदायित्व सर्वोच्च व्यवस्थापनाकडे असावे, असे आमचे मत आहे. मनुष्यबळ विभागाला केवळ भरतीचे उद्दिष्ट आणि विपणनाला केवळ पोहोच वाढवण्याचे उद्दिष्ट दिले, की दोघेही आपापले उद्दिष्ट गाठतात आणि नव्याने आलेला माणूस चार महिन्यांत निघून जातो.

अलीकडच्या काळात या विषयाला इतके महत्त्व का आले?

कुशल माणसांसाठी संस्थांमध्ये चाललेल्या चढाओढीला मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने १९९७ मध्ये ‘प्रतिभेसाठीचे युद्ध’ असे नाव दिले आणि ते रूढ झाले. मात्र खरा बदल माहितीच्या बाजूने घडला. पूर्वी उमेदवाराविषयी संस्थेला पुष्कळ माहिती असे : शिक्षण, अनुभव, आधीच्या वरिष्ठांचे मत. संस्थेविषयी उमेदवाराला जवळपास काहीच ठाऊक नसे. लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झाले आणि संस्थेत काम करणारी किंवा करून गेलेली माणसे शोधून त्यांना थेट विचारणे शक्य झाले. ग्लासडोअर हे संस्थांविषयीच्या अभिप्रायांचे संकेतस्थळ २००८ मध्ये सुरू झाले आणि कर्मचाऱ्यांनी निनावी लिहिलेले अनुभव व पगाराचे आकडे कोणालाही वाचता येऊ लागले. आज मुलाखतीला येणारा उमेदवार बहुधा ते वाचूनच येतो, आणि मुलाखत घेणाऱ्याला त्या पानावर काय लिहिले आहे याची कल्पना नसेल, तर पहिल्या पाच मिनिटांतच त्याची अडचण होते.

कर्मचाऱ्यांना द्यायचे वचन, म्हणजेच ईव्हीपी (एम्प्लॉयी व्हॅल्यू प्रपोझिशन), कसे तयार करावे?

‘आमच्याकडे का यावे आणि आल्यावर का थांबावे’ या प्रश्नाचे संस्थेने दिलेले प्रामाणिक उत्तर म्हणजे ईव्हीपी. ते सभागृहात बसून सुचत नाही, ते संस्थेतून शोधून काढावे लागते. त्यासाठी चार प्रकारच्या माणसांशी बोलणे उपयोगी ठरते : नुकतेच रुजू झालेले, अनेक वर्षे टिकलेले, स्वतःहून सोडून गेलेले, आणि ऑफर मिळूनही न आलेले. शेवटच्या दोन गटांकडे बहुतेक संस्था कानाडोळा करतात, आणि सर्वांत उपयुक्त माहिती नेमकी त्यांच्याकडेच असते.

हाती आलेल्या माहितीतून वाक्य घडवताना एक कसोटी लावून पाहावी : हेच वाक्य प्रतिस्पर्धी संस्थेच्या नावाखाली छापले, तर कोणाला फरक कळेल का? ‘आम्ही नावीन्य, आदर आणि विकासाला महत्त्व देणारी, एका कुटुंबासारखी संस्था आहोत’ हे वाक्य कोणत्याही संस्थेला लागू पडते. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘आमच्याकडे नवख्या अभियंत्याला पहिल्या वर्षीच ग्राहकासमोर बसवले जाते, चुका होतात, आणि त्या निस्तरायला वरिष्ठ सोबत असतो. कामाचा वेग जास्त आहे, वर्षअखेरीचे दोन महिने कठीण जातात आणि पदांची उतरंड लहान असल्यामुळे बढती सावकाश मिळते.’ दुसऱ्या मजकुराने काही वाचक नक्कीच दूर जातील. ते जाणे अपेक्षित आहे. एम्प्लॉयर ब्रँडिंगचे निम्मे काम योग्य माणसांना बोलावण्याचे असते आणि निम्मे काम ज्यांचे इथे जमणार नाही त्यांना अर्ज करण्यापूर्वीच ते कळवण्याचे असते. हे दुसरे निम्मे काम करायला फारच थोड्या संस्था धजावतात.

‘कुटुंब’ या शब्दाविषयी जाता जाता एक सूचना. कुटुंबातून कोणाला नोटीस देऊन कमी केले जात नाही, त्यामुळे हा शब्द वापरणाऱ्या संस्थेवर कपातीच्या दिवशी तोच उलटतो.

नोकरीतल्या अडचणी आधीच सांगितल्या तर चांगले उमेदवार बिथरणार नाहीत का?

काही जण अर्ज मागे घेतील, हे खरे आहे. परंतु नोकरीचे वास्तव चित्र आधीच दाखवण्याच्या पद्धतीवर जॉन वॅनस यांच्यासारखे अभ्यासक १९७० च्या दशकापासून संशोधन करत आले आहेत, आणि त्याचा सर्वसाधारण कल असा की, त्यामुळे अपेक्षा जमिनीवर राहतात आणि लवकर नोकरी सोडण्याचे प्रमाण थोडे कमी होते. परिणाम थोडाच असतो, हेही प्रांजळपणे सांगायला हवे. चुकीचे वेतन किंवा वाईट वरिष्ठ यांवर हा उतारा नाही. मात्र त्याला खर्च जवळजवळ शून्य आहे. रात्रपाळी असेल, सततचा प्रवास असेल, ग्राहकांची बोलणी खावी लागत असतील, तर ते जाहिरातीतच लिहावे आणि मुलाखतीत पुन्हा सांगावे. शक्य असेल तिथे उमेदवाराला त्याच पदावर काम करणाऱ्या एखाद्याशी, वरिष्ठांच्या अनुपस्थितीत, अर्धा तास बोलू द्यावे.

जाहिरातीत वेतनाचा आकडा द्यावा का?

द्यावा. ‘वेतन : उद्योगातील प्रमाणानुसार’ या ओळीतून उमेदवाराला काहीच कळत नाही, आणि तिसऱ्या फेरीनंतर आकडा जुळत नसल्याचे उघड झाले, तर दोन्ही बाजूंचा वेळ फुकट जातो. कायदेही त्याच दिशेने जात आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने १ जानेवारी २०२१ पासून जाहिरातीत वेतनश्रेणी देणे बंधनकारक केले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकता निर्देशानुसार उमेदवाराला सुरुवातीच्या वेतनाची किंवा वेतनश्रेणीची माहिती आधीच द्यावी लागते आणि त्याला आधीचा पगार विचारता येत नाही. सदस्य देशांना हे नियम आपल्या कायद्यात आणण्यासाठी ७ जून २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली.

आकडा देण्यात व्यवस्थापनाला जी भीती वाटते ती बाहेरच्या उमेदवारांची नसते. जाहिरातीतली श्रेणी वाचून त्याच पदावर आठ वर्षे काम करणारा जुना माणूस दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील, याची ती भीती असते. ती रास्त आहे. म्हणून आधी आतल्या पगारांची तपासणी करून तफावत दूर करावी आणि मगच आकडा बाहेर द्यावा.

मुलाखत कशी घ्यावी, म्हणजे निवडही नीट होईल आणि उमेदवाराचे मतही चांगले राहील?

सुदैवाने या दोन्ही गोष्टींसाठी एकच पद्धत चालते, ती म्हणजे संरचित मुलाखत : एका पदाच्या सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि उत्तर कसे असल्यास किती गुण हे आधीच लिहून ठेवलेले. निवडीच्या निरनिराळ्या पद्धती पुढील कामगिरीचा अंदाज किती बरोबर देतात, याचा मोठा आढावा श्मिट आणि हंटर या अभ्यासकांनी १९९८ मध्ये घेतला होता. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ती गणिते पुन्हा तपासली. त्यांच्या हिशेबात संरचित मुलाखतीचा पुढील कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) सुमारे ०.४२ आला आणि तपासलेल्या पद्धतींमध्ये ती सर्वांत वर राहिली. गप्पांच्या स्वरूपाच्या मुलाखतीचा आकडा ०.१९ वर आला. अनुभवाची नुसती वर्षे मोजण्याचा उपयोग तर त्याहूनही कमी निघाला. ‘किमान दहा वर्षांचा अनुभव’ ही अट जाहिरातीत सवयीने टाकणाऱ्यांनी यावर विचार करावा.

व्यवहारात अडचण अशी येते की अनुभवी अधिकाऱ्यांना प्रश्नावली हातात धरणे कमीपणाचे वाटते. ‘मला माणूस दोन मिनिटांत कळतो’ हे वाक्य प्रत्येक संस्थेत कोणीतरी म्हणतेच. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा, त्यांनी मागील काही वर्षांत निवडलेल्यांपैकी किती जण वर्षभर टिकले आणि त्यांची कामगिरी कशी राहिली, हे त्यांच्यासमोर ठेवावे.

मुलाखतीच्या फेऱ्या किती असाव्यात, असाही प्रश्न वारंवार येतो. प्रत्येक फेरीत नवीन काय तपासले जाणार आहे हे एका ओळीत लिहिता आले नाही, तर ती फेरी रद्द करावी. उमेदवाराला घरी करायला दिलेले काम दोन-तीन तासांपेक्षा मोठे असेल तर त्याचा मोबदला द्यावा, आणि ते काम संस्थेच्या प्रत्यक्ष प्रकल्पात कधीही वापरू नये.

ज्यांची निवड झाली नाही त्यांना कळवणे आवश्यक आहे का?

एका जागेसाठी दोनशे अर्ज आले, तर एक जण संस्थेत येतो आणि १९९ जण संस्थेविषयीचा अनुभव घेऊन परत जातात. संस्थेविषयी बाहेर बोलणाऱ्यांत त्यांचीच संख्या मोठी असते. तरीही निकाल न कळवणे हा भरतीतला सर्वांत सर्रास चालणारा दोष आहे. ‘आमच्याकडून न कळल्यास आपली निवड झाली नाही असे समजावे’ ही ओळ म्हणजे आपले काम उमेदवाराच्या गळ्यात घालणे होय.

फक्त अर्ज केलेल्यांना एक साधा ईमेल पुरतो. मुलाखतीपर्यंत आलेल्यांना मात्र कारण सांगावे, आणि ते कामाशी निगडित असावे. ‘आपण उत्तम उमेदवार आहात, तथापि या वेळी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे’ या वाक्यात काहीच हाती लागत नाही. ‘या पदासाठी मोठ्या डेटाबेसच्या स्थलांतराचा प्रत्यक्ष अनुभव निर्णायक होता आणि आपला अनुभव मुख्यतः अहवालनिर्मितीचा आहे, तसे पद निघाल्यास आपल्याशी संपर्क साधावा असे आम्ही नोंदवून ठेवले आहे’ हे वाचून वाईट वाटेल, पण राग येणार नाही. अर्थात शेवटचे अर्धे वाक्य खरोखर नोंद केली असेल तरच लिहावे.

अर्जांची चाळणी करण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करावा का?

वापर करता येतो, पण निर्णय यंत्रावर सोडून हात वर करता येत नाहीत. ॲमेझॉनने अर्जांना गुण देणारी एक प्रणाली तयार करून पाहिली होती. आधीच्या दहा वर्षांत आलेल्या अर्जांवर ती शिकली होती आणि ते अर्ज बहुतांश पुरुषांचे होते. परिणामी ज्या अर्जांत महिलांशी संबंधित उल्लेख होते त्यांना ती कमी गुण देऊ लागली. तो प्रयोग गुंडाळण्यात आला आणि २०१८ मध्ये रॉयटर्सच्या बातमीमुळे सर्वांना कळला. प्रणालीने जुना पक्षपात स्वतःहून शोधलेला नव्हता. संस्थेकडे आलेल्या जुन्या अर्जांतून तो तिने उचलला होता, आणि म्हणूनच तो प्रसंग आजही लागू आहे.

न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून अशा साधनांची दरवर्षी पक्षपात तपासणी करून घेणे आवश्यक आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने भरती व कर्मचारी व्यवस्थापनातल्या प्रणालींना उच्च जोखमीच्या गटात टाकले, आणि कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखू पाहणाऱ्या प्रणालींना, वैद्यकीय किंवा सुरक्षेची कारणे वगळता, मनाई केली. आपल्या देशात असा कायदा असो वा नसो, तीन गोष्टी पाळाव्यात : यंत्राचा वापर होत असल्याचे उमेदवाराला सांगावे, नाकारलेल्या अर्जांतले काही अर्ज माणसाने नियमित वाचावेत, आणि दाद मागायची असल्यास कोणाकडे मागावी हे लिहावे.

नवीन कर्मचाऱ्याचे पहिले दिवस इतके महत्त्वाचे का मानले जातात?

कारण भरतीच्या काळात दिलेल्या वचनाची पहिली पडताळणी तिथे होते. सकाळी साडेनऊला माणूस दारात उभा आहे, सुरक्षारक्षकाच्या यादीत त्याचे नाव नाही, ज्यांच्या हाताखाली काम करायचे ते रजेवर आहेत, लॅपटॉपची मागणी ‘मंजुरीसाठी प्रलंबित’ आहे, आणि दुपारपर्यंत त्याला एका रिकाम्या बैठककक्षात धोरणांची चाळीस पानी फाइल वाचायला दिली आहे. त्या भिंतीवर ‘आमची माणसे हीच आमची संपत्ती’ असे लिहिलेले असेल तर ते त्याला निवांतपणे वाचता येते.

यावर उपाय अवघड नाही. रुजू होण्याच्या आठवडाभर आधी यंत्रसामग्री, ईमेल, प्रवेशपत्र आणि बसण्याची जागा यांची जबाबदारी एकाच व्यक्तीवर नावानिशी सोपवावी. पहिल्या आठवड्यात पूर्ण करता येईल असे एक छोटे, खरे काम द्यावे. आणि तिसाव्या दिवशी वरिष्ठाने नव्हे, तर मनुष्यबळ विभागातल्या कोणीतरी एकच प्रश्न विचारावा : आम्ही सांगितले होते त्यापेक्षा इथे काय वेगळे आढळले? उत्तरे साठवून दर तिमाहीत जाहिरातीच्या मजकुराशी ताडून पाहावीत. त्यातून मजकूर दुरुस्त होतो किंवा व्यवहार दुरुस्त होतो, दोन्ही चालते.

वार्षिक मूल्यमापन बंद करावे का?

अनेक मोठ्या संस्थांनी ते बदलले आहे. ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने २०१२ मध्ये वार्षिक मूल्यमापन सोडून वर्षभर चालणाऱ्या संवादाची पद्धत स्वीकारली. जुन्या पद्धतीत व्यवस्थापकांचे वर्षाला सुमारे ८०,००० तास जात असल्याचा तिचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये कर्मचाऱ्यांना सक्तीने श्रेणींमध्ये विभागण्याची पद्धत बंद केली, कारण ठरावीक टक्के लोकांना खालच्या श्रेणीत टाकावेच लागत असेल तर सहकारी एकमेकांचे स्पर्धक बनतात.

मात्र केवळ श्रेणी काढून टाकल्याने न्याय होत नाही. श्रेणी नसल्या तरी पगारवाढीचे पैसे कोणत्या तरी आधारावर वाटलेच जातात, आणि तो आधार लिहिलेला नसेल तर तो वरिष्ठाच्या मर्जीवर जातो. आमचा सल्ला असा की, आधी व्यवस्थापकांना महिन्यातून एकदा स्पष्ट बोलायला शिकवावे, पगारवाढीचे निकष लेखी जाहीर करावेत, आणि त्यानंतर वार्षिक फॉर्मचे काय करायचे ते ठरवावे.

घरून काम करण्याची मुभा देणे आता आवश्यकच आहे का?

ज्या कामात ते शक्य आहे तिथे त्याचा परिणाम मोजला गेला आहे. ट्रिप डॉट कॉम या प्रवास कंपनीतल्या १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांमध्ये नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि पुढील दोन वर्षांतल्या कामगिरीच्या श्रेणींवर किंवा बढत्यांवर विपरीत परिणाम दिसला नाही. विशेष म्हणजे प्रयोगापूर्वी व्यवस्थापकांना उत्पादकता घटेल असे वाटत होते. प्रयोगानंतर त्यांचेच मत बदलले.

कारखाना, रुग्णालय किंवा दुकान चालवणाऱ्या संस्थांना हा पर्याय अनेक पदांसाठी नसतो. तिथे तोच विचार वेळापत्रकाच्या रूपाने करता येतो : पाळी किती दिवस आधी कळते, ती आपसांत बदलता येते का, आयत्या वेळी बोलावल्यास नाही म्हणता येते का. कार्यालयातल्यांना लवचीकता आणि प्रत्यक्ष उत्पादनावर काम करणाऱ्यांना हजेरीचे यंत्र, अशी विभागणी एकाच संस्थेत असेल, तर तिला दोन वेगवेगळे ब्रँड आहेत हे मान्य करावे.

कामानंतर संपर्क न करण्याच्या नियमालाही हेच लागू आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांना या विषयावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. नियम नसला तरी वरिष्ठ रात्री अकराला संदेश पाठवतात की नाही, यावरून सर्वांना खरे धोरण समजते.

संकेतस्थळांवर संस्थेविषयी वाईट अभिप्राय आले तर काय करावे?

प्रथम, तो कोणी लिहिला याचा शोध घेऊ नये. तसा शोध चालू असल्याची कुणकुण लागली की आत बोलणे बंद होते आणि बाहेर लिहिणे वाढते. दुसरे, एकाच आठवड्यात पाच तारे देणारे वीस अभिप्राय कर्मचाऱ्यांकडून लिहून घेऊ नयेत. वाचणाऱ्याला तारखा दिसतात. उत्तर द्यायचे असेल तर मुद्द्याला धरून द्यावे. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असे छापील उत्तर प्रत्येक तक्रारीखाली चिकटवण्यापेक्षा गप्प राहणे बरे. ‘ओव्हरटाइमचा हिशेब उशिरा होत असल्याची तक्रार बरोबर होती, मार्चपासून तो पगारासोबतच केला जातो’ असे उत्तर लिहिता येत असेल, तर त्या एका उत्तराचा परिणाम प्रसिद्धीसाठी केलेल्या चित्रफितीपेक्षा जास्त होतो.

कर्मचारी सर्वेक्षणात लोक खरे का सांगत नाहीत?

कारण त्यांना गणित येते. सर्वेक्षण ‘निनावी’ असते, पण त्यात विभाग, लिंग, वयोगट आणि सेवेची वर्षे विचारलेली असतात. सहा जणांच्या गटात पन्नाशीची एकच महिला असेल, तर तिचे उत्तर कोणाचे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. किमान संख्येखालील गटांचे निकाल स्वतंत्रपणे दाखवू नयेत आणि ही मर्यादा आधीच जाहीर करावी. दुसरे कारण याहून सोपे आहे : मागच्या सर्वेक्षणाचे काय झाले, ते कोणालाच कळलेले नसते. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर काही करण्याची संस्थेची तयारी नाही, तो प्रश्न विचारूच नये.

कर्मचारी कपात करावी लागली तर एम्प्लॉयर ब्रँड संपतो का?

कपातीपेक्षा ती कशी केली हे जास्त काळ लक्षात राहते. मे २०२० मध्ये प्रवाशांना घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीने सुमारे १,९०० जणांना कमी केले. त्या वेळी प्रमुखांनी कारणे, निवडीचे निकष आणि मिळणारी भरपाई सविस्तर लिहून कळवली, लॅपटॉप जवळ ठेवू दिले आणि जाणाऱ्यांना नोकरी शोधण्यासाठी सार्वजनिक सूची तयार करून दिली. डिसेंबर २०२१ मध्ये बेटर डॉट कॉम या गृहकर्ज कंपनीने सुमारे ९०० जणांना एका छोट्या व्हिडिओ बैठकीत नोकरी गेल्याचे सांगितले आणि तो प्रसंग जगभर पाहिला गेला. आर्थिक निर्णय एकाच प्रकारचा होता.

एकेकट्याने सोडून जाणाऱ्यालाही हेच लागू आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष अधिक होते. राजीनामा दिलेल्या माणसाला बैठकांतून वगळणे, अनुभव प्रमाणपत्रासाठी हेलपाटे मारायला लावणे, अंतिम हिशेब महिनोन्‌महिने रखडवणे, या गोष्टी राहिलेले सहकारी बारकाईने पाहत असतात. आपली वेळ आल्यावर काय होईल, हे त्यांना त्यातून समजते.

परिणाम कसा मोजावा?

आलेल्या अर्जांची संख्या हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवा मापदंड आहे. मजकूर जितका गुळगुळीत, तितके अर्ज जास्त. त्यापेक्षा, ऑफर स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण, पहिल्या वर्षात सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण, कर्मचाऱ्यांच्या शिफारशीने आलेल्यांचा वाटा आणि सोडून गेलेल्यांपैकी परत येणाऱ्यांची संख्या हे आकडे अधिक बोलके असतात. ‘या संस्थेत काम करण्याची शिफारस तुम्ही किती कराल’ हा शून्य ते दहामधला प्रश्न पुष्कळ संस्था विचारतात. नऊ-दहा देणाऱ्यांच्या टक्केवारीतून शून्य ते सहा देणाऱ्यांची टक्केवारी वजा करून निर्देशांक काढला जातो. तो सरासरीने पाहिला की एखाद्या विभागातला असंतोष लपून जातो. म्हणून तो विभागवार आणि व्यवस्थापकवार पाहावा.

‘सर्वोत्तम कार्यस्थळ’ यांसारख्या पुरस्कारांचा उपयोग होतो का?

थोडा होतो, विशेषतः ज्यांचे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही त्यांना. निकष आणि कर्मचाऱ्यांच्या मतांचे वजन जाहीर असेल तर भाग घ्यावा. फक्त शुल्क भरून मिळणारे मानचिन्ह उमेदवारांना आता ओळखू येते.

लहान संस्थेकडे अंदाजपत्रक नसेल तर काय करता येईल?

लहान संस्थेला उलट सोपे जाते, कारण निर्णय घेणारा आणि त्याचा परिणाम भोगणारा यांच्यात मधले थर नसतात. अर्जाला पाच दिवसांत उत्तर देणे, वेतनश्रेणी लिहिणे, पगाराची तारीख न चुकवणे आणि मालकाने स्वतः उमेदवाराला कामाचे खरे स्वरूप सांगणे, यांतल्या कशालाही जाहिरातसंस्था लागत नाही. मोठ्या संस्थांच्या सोयीसुविधांशी बरोबरी करण्याचा प्रयत्न करू नये. तिथे जे मिळत नाही, उदाहरणार्थ कामाचा विस्तृत अनुभव किंवा निर्णयात सहभाग, ते स्पष्टपणे पुढे ठेवावे.

सुधारणा केल्यावर फरक किती काळाने दिसतो?

उमेदवारांशी होणारा पत्रव्यवहार सुधारल्याचा परिणाम काही आठवड्यांत जाणवतो. लवकर सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण बदललेले दिसायला किमान दोन-तीन तिमाही लागतात, कारण जुन्या आश्वासनांवर आलेली माणसे अजून संस्थेतच असतात. बाहेरची प्रतिमा सर्वांत शेवटी बदलते. जुने अभिप्राय पुसले जात नाहीत, नव्यांची संख्या वाढावी लागते. त्यामुळे कामाचा क्रम नेहमीपेक्षा उलटा ठेवावा : आधी अंतिम हिशेब, पगारातली तफावत आणि निकाल कळवण्याची पद्धत मार्गी लावावी, मग व्यवस्थापकांकडे वळावे, आणि करिअर पानाचा मजकूर व छायाचित्रे त्यानंतर, आतल्या लोकांना आधी वाचायला देऊन, बदलावीत.